थर्ड प्रेफरन्समागचा माणूस : इमॅन्युएल सेलर यांच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीत आरती झाली, प्रसादाचे द्रोण फिरले, की अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळातली सत्तरी-ऐंशीतली मंडळी हॉलच्या मागच्या खुर्च्यांवर जमतात. मग ‘मी थर्डवर आलो’, ‘हिचा भाऊ फिफ्थवर आला’ अशा गप्पा सुरू होतात. एच-वन या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या नव्या मुलांना त्यातलं अक्षरही कळत नाही. गेल्या वर्षी एका काकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं कॉन्सुलेटचं पत्र आणून दाखवलं. साल १९६९. घडीवर फाटलेलं, मागून चिकटपट्टी लावलेली आणि तीही पिवळी पडलेली. त्यात ‘थर्ड प्रेफरन्स’ हे शब्द टाइप केलेले होते, म्हणजे १९६५ च्या अमेरिकन इमिग्रेशन कायद्यातली व्हिसाची तिसरी पसंती. एका शाळकरी मुलीनं विचारलं, “हा कायदा कुणी केला?” आणि एवढ्या मोठ्या हॉलमध्ये कुणालाही नाव सांगता आलं नाही. मलाही नाही. तेव्हापासून मी या माणसाच्या मागे लागलो. वर्षभर लोकांनी मला जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

इमॅन्युएल सेलर कोण?

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातून अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहात जवळजवळ पन्नास वर्षं निवडून गेलेले डेमोक्रॅट खासदार. जन्म ६ मे १८८८, मृत्यू १५ जानेवारी १९८१, दोन्ही ब्रुकलिनमध्येच. ४ मार्च १९२३ रोजी त्यांची कारकीर्द सुरू झाली आणि ३ जानेवारी १९७३ रोजी संपली. प्रतिनिधीगृहाची निवडणूक दर दोन वर्षांनी होते, म्हणजे हा माणूस सलग २५ वेळा निवडून आला. हार्डिंग यांच्यापासून निक्सन यांच्यापर्यंत नऊ राष्ट्राध्यक्ष त्यांनी पाहिले. लोक त्यांना ‘मॅनी’ म्हणत.

ते कुठल्या घरातले? राजकारणी घराणं होतं का?

अजिबात नाही. आजी-आजोबा जर्मनीतून आलेले, बहुतेक ज्यू. वडिलांचा व्हिस्कीचा धंदा होता. तो बसल्यावर ते दारोदार वाइन विकू लागले. मॅनी कोलंबिया कॉलेजात शिकत असताना वडील गेले आणि पाठोपाठ काही महिन्यांत आईही गेली. घराची जबाबदारी या मुलावर आली. त्यानं वडिलांची वाइनची फेरी स्वतःकडे घेतली. सकाळी कॉलेज, दुपारपासून संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकांची दारं. १९१० साली पदवी, १९१२ साली कायद्याची पदवी, मग वकिली.

दुसऱ्यांच्या जिन्यावर उभं राहून दार उघडण्याची वाट बघण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्यानं पुढे दारांवरच आयुष्य वेचलं, असं मला नेहमी वाटतं. ब्रुकलिनच्या त्या जिन्यांवर इटालियन, पोलिश, रशियन ज्यू, आयरिश असे सगळे राहत होते. तेच त्यांचे मतदार झाले.

१९२३ साली अमेरिकेतल्या भारतीयांची स्थिती काय होती?

याचं उत्तर थोडं लांबेल, कारण ते माहीत असल्याशिवाय सेलर यांच्या कामाचं मोल कळत नाही.

१९१७ च्या कायद्यानं आशियाच्या मोठ्या पट्ट्यातून मजूर वर्गाच्या येण्यावर बंदी घातली होती. भारत त्या पट्ट्यात होता. जे आधीच आलेले होते, त्यांच्यापुढे नागरिकत्वाचा प्रश्न होता. जन्मानं परकीय असलेल्यांपैकी नागरिकत्व फक्त ‘गोऱ्या व्यक्तीं’ना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळे. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात काम केलेले पंजाबचे शीख भगतसिंग थिंड यांनी आपण कॉकेशियन, म्हणजे तेव्हाच्या शास्त्राप्रमाणे गोऱ्या वंशातले आहोत असा दावा केला. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं की, शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो हा नव्हे. सेलर यांची कारकीर्द सुरू झाली त्याच्या दोनच आठवडे आधीची ही गोष्ट.

निकालानंतर सरकारनं आधी नागरिक झालेल्या भारतीयांची नागरिकत्वं रद्द करायचा सपाटा लावला. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. हे नाव प्रथम वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं. ते स्वतः १९१४ साली लॉस एंजेलिसमध्ये नागरिक झाले होते. आता त्यांच्यावरही खटला झाला. त्यांनी कोर्टाला सांगितलं की, तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून मी इथे वकील झालो, मायदेशातली मालमत्ता सोडली, इथे लग्न केलं. हे सगळं आता काढून घेणार? १९२६ साली अपील कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, १९२७ साली सुप्रीम कोर्टानं त्यात हात घालायचं नाकारलं आणि सरकारनं उरलेले खटले सोडून दिले. एका माणसानं स्वतःची केस लढून इतरांचं छप्पर वाचवलं. त्यांच्याविषयी मराठीत कुणीतरी सविस्तर लिहायला हवं.

संसदेत गेल्यावर सेलर यांनी पहिली लढाई कोणती लढली?

१९२४ च्या इमिग्रेशन कायद्याविरुद्धची, आणि ते ती हरले. नवखा खासदार, वय ३५. त्यांचं पहिलं मोठं भाषण याच विषयावर होतं.

या कायद्यानं प्रत्येक देशाला कोटा ठरवून दिला आणि त्यासाठी हिशोब धरला १८९० च्या जनगणनेचा. इतकी जुनी जनगणना का? कारण इटली, पोलंड, रशियातून लोकांचे लोंढे आले ते प्रामुख्यानं त्यानंतर. जुनं वर्ष धरलं की त्यांचा आकडा आपोआप खाली येतो. पुढे १९२९ पासून पक्के कोटे लागू झाले तेव्हा ब्रिटनला वर्षाला ६५,७२१ जागा, जर्मनीला २५,९५७ आणि इटलीला ५,८०२. आशियातल्या लोकांना तर ‘नागरिक होण्यास अपात्र’ म्हणून दारच बंद. सेलर यांचं म्हणणं सरळ होतं. माणूस कुठे जन्मला यावरून त्याची किंमत ठरवणं हा अन्याय आहे आणि माझ्या मतदारसंघातल्या प्रत्येक घराचा तो अपमान आहे. कायदा प्रचंड बहुमतानं मंजूर झाला. तो मोडायला सेलर यांना ४१ वर्षं लागली.

दुसऱ्या महायुद्धात युरोपातल्या ज्यूंसाठी त्यांना काही करता आलं का?

फार थोडं, आणि ते त्यांना आयुष्यभर लागून राहिलं. त्याच कोट्यांमुळे हिटलरपासून पळणाऱ्यांना अमेरिकेत जागा मिळत नव्हती. परराष्ट्र खात्याचे अधिकारी कागदपत्रांचे अडथळे घालत होते. सेलर यांनी त्यांच्यावर उघड टीका केली, रूझवेल्ट यांच्याकडे रदबदली केली. एक म्हातारे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, त्यांच्या कार्यालयात आले होते. लाखो माणसं मारली जात आहेत, त्यातली काही तरी वाचवता येणार नाहीत का, असं ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. सेलर यांच्याजवळ देण्यासारखं उत्तर नव्हतं. युद्धानंतर १९४८ साली निर्वासितांसाठी झालेल्या कायद्यामागे त्यांनी जो जोर लावला, तो या आठवणीतून आला होता असं मी मानतो.

लूस-सेलर कायदा म्हणजे काय? त्यातून भारतीयांना काय मिळालं?

२ जुलै १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सही केलेला हा कायदा. क्लेअर बूथ लूस या कनेटिकटच्या रिपब्लिकन खासदार आणि सेलर हे ब्रुकलिनचे डेमोक्रॅट, अशी ही जोडी. कायद्यानं भारतीय आणि फिलिपिनो लोकांना नागरिक होण्याचा हक्क दिला आणि दोघांना वर्षाला प्रत्येकी १०० जागांचा कोटा दिला.

या विधेयकासाठी अमेरिकेतल्या मूठभर भारतीयांनी केलेली धडपड विसरता कामा नये. १९४० च्या जनगणनेत त्यांची संख्या होती फक्त २,४०५. इंडिया लीग ऑफ अमेरिकाचे जे. जे. सिंग यांनी वॉशिंग्टनमध्ये खासदारांचे उंबरे झिजवले. १९४३ साली चीनला १०५ जागांचा कोटा मिळाला होता, तोच दाखला देऊन सेलर यांनी भारताची बाजू मांडली. जपान आशियात सांगत फिरतोय की अमेरिका तुम्हाला माणूस मानत नाही, मग त्याला आपण उत्तर काय देणार, असा त्यांचा मुद्दा होता.

वर्षाला फक्त १००? मग त्याचं एवढं कौतुक कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. आकडा लहान होता हे खरंच. पण नागरिकत्वाचा हक्क आकड्यात मोजता येत नाही. कॅलिफोर्नियात नागरिक होण्यास अपात्र माणसाला शेतजमीन स्वतःच्या नावावर घेता येत नसे. वीस-वीस वर्षं राबलेले पंजाबी शेतकरी आपली जमीन दुसऱ्याच्या नावावर ठेवत. ते या कायद्यानं संपलं.

दलीपसिंग सौंद १९२० साली शिकायला आले, गणितात डॉक्टरेट मिळवली आणि नागरिक नसल्यामुळे शेतीकडे वळले. १९४९ साली ते नागरिक झाले. १९५६ साली कॅलिफोर्नियातून प्रतिनिधीगृहावर निवडून आले, तिथे पोचलेले आशियाई वंशाचे पहिले खासदार. ज्या सभागृहात त्यांच्यासाठी दार उघडलं गेलं, त्याच सभागृहात ते सेलर यांचे सहकारी म्हणून बसले.

मग १९६५ पर्यंत गाडी कुठे अडली?

१९५२ च्या मॅककॅरन-वॉल्टर कायद्यापाशी. त्यानं आशियाई लोकांचं ‘अपात्र’ हे लेबल काढलं, पण कोट्याची चौकट तशीच ठेवली. त्यात एक फार जाचक कलम होतं. आशियाई वंशाचा माणूस कुठेही जन्मलेला असो, तो त्याच्या वंशाच्या देशाच्या कोट्यात मोजला जाई. म्हणजे लंडनमध्ये जन्मलेल्या भारतीय मुलाला ब्रिटनच्या हजारो जागांचा उपयोग नाही, त्यानं भारताच्या १०० च्या रांगेत उभं राहायचं. सेलर यांनी कडाडून विरोध केला, ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरला, पण काँग्रेसनं तो ओलांडून कायदा केला.

१९६५ च्या हार्ट-सेलर कायद्यात नेमकं काय होतं?

देशवार वंशाचे कोटे रद्द झाले. पूर्व गोलार्धासाठी वर्षाला एकूण १,७०,००० व्हिसा, कोणत्याही एका देशाला जास्तीत जास्त २०,०००. त्या आत पसंतीक्रम. बहुतेक जागा नातेवाइकांसाठी, १० टक्के तिसऱ्या पसंतीसाठी, म्हणजे डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ, कलावंत यांच्यासाठी. सहावी पसंती ज्या कामांना माणसं कमी पडत त्यांच्यासाठी, पाचवी नागरिकांच्या भावाबहिणींसाठी. नागरिकांचे पती-पत्नी, अल्पवयीन मुलं आणि आईवडील या मर्यादेच्या बाहेर. काकांच्या पत्रातलं ‘थर्ड प्रेफरन्स’ ते हेच.

सिनेटमध्ये मिशिगनचे फिलिप हार्ट यांचं नाव विधेयकाला होतं आणि चर्चेची धुरा तरुण एडवर्ड केनेडी यांनी सांभाळली. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली. तेव्हा सेलर ७७ वर्षांचे होते.

आपण एवढ्या संख्येनं येऊ, याची त्यांना कल्पना होती का?

नव्हती. उलट त्यांनी सभागृहाला सांगितलं होतं की, आशिया आणि आफ्रिकेतून तुलनेनं फार लोक येणार नाहीत, कारण त्यांचे नातेवाईक इथे फारसे नाहीतच. विधेयक मंजूर करून घेण्यासाठी धास्तावलेल्या सदस्यांना धीर देणं भाग होतं. पण मला तरी ते मनापासून बोलत होते असंच वाटतं. त्यांच्या डोळ्यांसमोर होते ते इटली, ग्रीस, पोलंडमध्ये अडकलेले ब्रुकलिनकरांचे भाऊ.

हिशोब चुकला तो असा. आधी थर्डवर एकटा इंजिनिअर किंवा डॉक्टर आला. १९६५ सालीच मेडिकेअर ही वृद्धांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना सुरू करणारा कायदाही झाला होता, डॉक्टरांची गरज वाढत होती. पाच वर्षांनी तो नागरिक झाला, आईवडिलांना बोलावलं, मग फिफ्थवर भाऊ, भावजय, पुतणे. जे नातेवाईक ‘फारसे नाहीत’ म्हणून सांगितलं होतं, ते या कायद्यानंच निर्माण केले. १९६० साली भारतात जन्मलेले सुमारे १२ हजार लोक अमेरिकेत होते. आज भारतीय वंशाचे लोक पन्नास लाखांच्या घरात आहेत. दादर, ठाणे, कोथरूड, नागपूरच्या किती घरांत एक फोटो अमेरिकेतला असतो, तो या फसलेल्या अंदाजामुळे.

आजची ग्रीन कार्डची रांगही त्यांच्यामुळेच का?

मूळ तिथे आहे, पण दोष सगळा तिथला नाही. प्रत्येक देशाला सारखीच कमाल मर्यादा, हे तत्त्व १९६५ चं. तेव्हा ते क्रांतिकारक होतं. ब्रिटनला ६५ हजार आणि भारताला १०० या जागी दोघांना समान २० हजार! आज नोकरीच्या आधारे वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं आणि एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा आहे, ही रचना १९९० च्या कायद्यानं आली. कुटुंबातली माणसंही याच आकड्यात मोजली जातात. अर्ज करणाऱ्यांत भारतीयांचा भरणा मोठा, म्हणून आपली रांग लांब. ज्यांची मुलं २१ वर्षांची होऊन आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडत आहेत, त्यांच्या घरची काळजी मी जवळून पाहतो आहे. समानतेसाठी आखलेली रेघ साठ वर्षांनी काहींच्या गळ्याशी आली आहे. ती बदलायची तर काँग्रेसलाच बदलावी लागेल.

इमिग्रेशनशिवाय त्यांनी काय केलं?

खूप. १९४९ ते १९५३ आणि पुन्हा १९५५ ते १९७३ अशी तब्बल २२ वर्षं ते प्रतिनिधीगृहाच्या ज्युडिशिअरी कमिटीचे, म्हणजे न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते. नागरी हक्क, मक्तेदारी, घटनादुरुस्त्या, इमिग्रेशन हे सगळं याच समितीकडे. १९५० च्या सेलर-केफॉवर कायद्यानं मोठ्या कंपन्यांची एक पळवाट बंद केली. प्रतिस्पर्ध्याचे शेअर विकत घ्यायला बंदी होती, म्हणून त्या त्याचे कारखानेच विकत घेत.

पण सर्वांत मोठं काम १९६४ चा नागरी हक्क कायदा. जून १९६३ मध्ये विधेयक सेलर यांनी मांडलं. ओहायोचे रिपब्लिकन विल्यम मॅककलक यांना सोबत घेऊन त्यांनी ते समितीतून काढलं. दक्षिणेकडच्या सदस्यांनी अडवून धरलं तर निम्म्याहून अधिक सदस्यांच्या सह्या गोळा करून ते थेट सभागृहात आणू, असा इशारा दिला. फेब्रुवारी १९६४ मध्ये प्रतिनिधीगृहात २९० विरुद्ध १३० मतांनी ते पार झालं. सही झाली २ जुलैला. भारतीयांना नागरिकत्व देणाऱ्या कायद्यावरही सही २ जुलैचीच, १८ वर्षं आधीची. पुढच्या वर्षी मतदान हक्क कायदाही याच समितीतून गेला. कृष्णवर्णीयांनी रस्त्यावर मार खाऊन जे मिळवलं, त्याच्या बळावरच १९६५ साली वंशाचे कोटे टिकवणं अशक्य झालं. आपण ज्या दारातून आलो, ते दार ढकलणारे हात बर्मिंगहॅम आणि सेल्मा या दक्षिणेतल्या शहरांत नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या कृष्णवर्णीयांचे होते, हे आपल्या मुलांना सांगायलाच हवं.

त्यांच्यावर टीका कशाबद्दल होते?

दोन गोष्टींबद्दल, आणि दोन्ही खऱ्या आहेत. खासदार असताना त्यांच्या नावाची वकिली फर्म चालू राहिली. सरकारी कामाच्या अशिलांसाठी वेगळं दार ठेवल्याची चर्चा तेव्हाही झाली.

दुसरी गोष्ट मला अधिक लागते. स्त्री-पुरुष समान हक्कांची घटनादुरुस्ती त्यांनी आपल्या समितीत अडवून ठेवली. वीसेक वर्षं साधी सुनावणीसुद्धा घेतली नाही. स्त्रियांच्या संरक्षणासाठी असलेले कामगार कायदे त्यामुळे जातील, असं त्यांचं म्हणणं होतं. अखेर १९७० साली मार्था ग्रिफिथ्स या खासदारांनी २१८ सह्या गोळा करून ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि सभागृहात ती प्रचंड बहुमतानं मंजूर झाली. जे हत्यार त्यांनी १९६३ साली दक्षिणेच्या अडवणुकीवर उगारलं होतं, तेच स्त्रियांनी त्यांच्यावर चालवलं. त्या त्या वेळी ते योग्यच होतं.

ते हरले कसे?

जून १९७२ मध्ये, डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत. समोर एलिझाबेथ हॉल्ट्झमन, वय ३०, वकील. सेलर ८४ वर्षांचे. एखादी दातकोरणी वॉशिंग्टन स्मारक पाडायला निघाली आहे, अशा शब्दांत त्यांनी तिची संभावना केली. ती मात्र सिनेमाच्या रांगांत, सबवेच्या जिन्यांवर मतदारांना भेटत राहिली. मतदारसंघात कार्यालय नाही, व्हिएतनाम युद्धाला पाठिंबा, स्त्रियांच्या हक्कांना विरोध, एवढेच तिचे मुद्दे. सुमारे ६०० मतांनी ती जिंकली. दारोदार फिरून वाइन विकलेल्या माणसाला ब्रुकलिनच्या दारांवर जाणाऱ्या मुलीनं हरवलं.

सेलर जिंकले असते तर १९७४ मध्ये निक्सन यांच्या महाभियोगाची चौकशी त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाली असती. ती जबाबदारी पीटर रोडिनो यांच्याकडे गेली आणि हॉल्ट्झमन त्याच समितीत सदस्य म्हणून बसल्या. पुढे १९८० च्या निर्वासित कायद्यातही हॉल्ट्झमन यांचा मोठा वाटा होता. म्हाताऱ्या रब्बींच्या प्रश्नाचं काही उत्तर सेलर यांच्या खुर्चीवर आलेल्या बाईंनी दिलं.

सर्वांत जास्त काळ राहिलेले खासदार तेच का?

नाही. तो मान मिशिगनचे जॉन डिंगेल यांचा, ५९ वर्षं. न्यूयॉर्कमधून प्रतिनिधीगृहात इतका काळ मात्र दुसरं कुणी राहिलेलं नाही.

निवृत्तीनंतर?

पुन्हा वकिली, पुन्हा ब्रुकलिन. जानेवारी १९८१ मध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी ते गेले. त्याच वर्षी उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना एकत्र बांधणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. यंदा काकांचं पत्र आम्ही फ्रेम करून हॉलमध्ये लावतो आहोत. खाली सेलर आणि सखाराम गणेश पंडित ही दोन्ही नावं लिहायची, असं त्या मुलीनंच सुचवलं.